बारा नंबरची वीट

कार्डाचा कोपरा फाडलेला होता. आमच्याकडे असं कार्ड हातात आलं की माणूस वाचायच्या आधीच खाली बसतो. कोण गेलं ते मग कळतं. मी मात्र उभाच राहिलो, कारण नजर आधी गेली ती टपालाच्या शिक्क्यावर, आणि शिक्का पंधरा दिवसांपूर्वीचा होता. पोस्टमननं कार्ड माझ्या ऑफिसच्या दाराखालून आत सरकवलेलं. दार स्प्रिंगचं, सारखं हलणारं. त्याच्या धक्क्यानं कार्ड पायपुसण्याखाली गेलं, आणि पंधरा दिवस मी त्याच्यावर पाय पुसून आत येत होतो, बाहेर जात होतो. इतक्या दिवसांत कोणी ते पायपुसणं झटकलंसुद्धा नाही, हेही आमच्या इमारतीला शोभण्यासारखंच. कार्ड उमरेडहून आलेलं. दुसऱ्या कोणाकडून लिहवून घेतलेल्या दोन ओळी, खाली आत्मारामजींची वाकडीतिकडी सही. 'आमचा मारोती काविळीने वारला. तुम्हास कळावे म्हणून लिहिले.' दहावा झाला होता, तेरवी झाली होती, आणि ज्याला कळावं म्हणून लिहिलं तो इथं विद्यार्थ्यांच्या रजेच्या अर्जांवर सह्या करत बसला होता.

मारोती कोण, हे सांगायला एक ओळ पुरते. इमारत खात्यात नकाशे उतरवून काढणारा ट्रेसर, उमरेडच्या विणकराचा मुलगा, वय वर्षे तीस. अशा माणसाच्या मरणाची बातमी पेपरात येत नाही, स्मृतिलेख तर दूरच. "मंग तू काहून लिहून राहिला गा?" असं त्यानंच हसत विचारलं असतं. लिहितो, कारण जे सांगायचं ते मला एकट्यालाच ठाऊक आहे. त्यात माझी शोभा नाही, हे आधीच सांगून ठेवतो; ज्यांना मेलेल्या मित्राबद्दल गोडगोड वाचायचं असेल त्यांनी पान उलटावं.

स्वातंत्र्याला तीनेक वर्षं झाली असतील तेव्हा आम्ही दोघं नागपूरला शिकायला आलो. मी काटोलचा. कॉलेजचं हॉस्टेल बांधून व्हायचं होतं, म्हणून पहिलं वर्ष आम्हाला सदर वस्तीच्या पलीकडे लढाईच्या वेळच्या एका रिकाम्या बराकीत ठेवलं. वर टिनाचं छप्पर, लांबच लांब एक हॉल, दोन्ही बाजूंनी तीस खाटा. आज त्या बराकीबद्दल हळवं होऊन बोलणारे माझे वर्गमित्र भेटतात तेव्हा मला राग येतो, कारण त्या खाटांत ढेकूण होते, एप्रिलात टिन असं तापायचं की आम्ही ओलं धोतर अंगावर घेऊन वाचायचो, आणि कोणाच्या घोरण्यानं कोणाची झोपमोड झाली यावरून हाणामारीही झालेली आहे. पण एक होतं. कोणी दोनदा खोकला की तिसऱ्या खाटेवरून आवाज यायचा, "कोण हाये रे? पाणी देऊ का?" मारोतीची खाट माझ्या शेजारी. वाचताना तो डावा पाय खाली जमिनीवर दाबायचा आणि हातातल्या लाकडी पट्टीनं खाटेच्या लोखंडावर टोला द्यायचा. खट्... खट्... मोठ्यानं वाचायचा आणि मध्ये मध्ये हा ठेका. मी त्याला पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तुले गप बसून वाचता येत नाही का बाप्पा?" तर म्हणाला, "मी मागाजवळ बसून शिकलो गा. गपगार असलं का मले अक्षर दिसत नाही."

हे काय ते मला दिवाळीत कळलं. इतवारीहून छोट्या लायनीच्या गाडीनं तो मला उमरेडला घेऊन गेला. त्यांचं घर म्हणजे पुढच्या खोलीत जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला माग, आणि राहायला उरलेली जागा. सगळ्या गल्लीत तसेच माग, सगळ्यांची दारं उघडी, त्यामुळे गल्लीत शिरलं की वीस-पंचवीस घरांचा खटखटाट एकदम कानावर येतो. आत्मारामजी खड्ड्यात पाय सोडून विणत होते. पोराचा दोस्त आला म्हणून त्यांनी धोटा बाजूला ठेवला, माग थांबवला आणि 'या जी, बसा' म्हणाले. मी टेकतो न टेकतो तोच शेजारची एक बाई हातातल्या सुताच्या कांड्यांसकट दारात हजर. "काय झालं वं? माग काहून थांबला?" तिच्यामागून समोरचा म्हातारा. त्याच्यामागून आणखी एक जण, अर्धी दाढी झालेला, गालावर साबण तसाच. पाहुणा आला आहे, कोणाला काही झालेलं नाही, हे ऐकून तिघंही हसत परत गेले. मारोतीनं मला सांगितलं तो त्यांच्या गल्लीचा रिवाज होता. दिवसाउजेडी, कामाच्या वेळी कोणाचा माग अचानक थांबला, तर शेजाऱ्यानं हातातलं टाकून जाऊन पाहायचं. बोलवायची गरज नाही. कोणी बोलवतही नाही. आवाज बंद झाला हेच बोलावणं. मला फार मौज वाटली. परत आल्यावर बराकीत मी सगळ्यांना तो साबणवाला रंगवून रंगवून सांगितला.

दुसऱ्या वर्षी आम्ही नव्या इमारतीत आलो. आता मी जिचा वॉर्डन आहे तीच ही इमारत. उद्घाटनाला ज्यांनी ती आखली ते साहेब आले होते. त्यांनी भाषणात सांगितलं की विद्यार्थ्याला सगळ्यात जास्त गरज कसली असेल तर एकांताची. म्हणून प्रत्येकाला वेगळी खोली. म्हणून मधून एक लांब बोळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खोल्या, पण कोणतीही दोन दारं समोरासमोर येऊ दिलेली नाहीत. दार उघडलं तरी पुढं भिंतच दिसेल. म्हणून खिडकी डोक्याच्या वर, उजेड यावा पण रस्ता दिसू नये. म्हणून दारांना स्प्रिंगा, उघडलं की आपोआप लागावं. बाहेर व्हरांडा नाही, पायरी नाही, ओटा नाही. पोरं तिथं बसतात आणि वेळ घालवतात. आणि जेवणघरात बाकं वर्गासारखी एकामागे एक. मला हे सगळं फार आधुनिक वाटलं. आम्ही टाळ्या वाजवल्या, मी जरा जास्तच वाजवल्या. एखाद्याच्या पाठीकडे बघत दोन वर्षं वरण-भात खाऊन पाहा, म्हणजे त्या टाळ्यांची किंमत कळेल. पहिल्या महिन्यात सगळे खूश होते. दुसऱ्या महिन्यात भांडणं बंद झाली, आणि भांडणं बंद झाली याचा आम्हाला आनंद झाला. सहामाहीपर्यंत अशी गत झाली होती की बराकीत ज्याच्या ताटातली चटणी न विचारता उचलायचो, त्याच्या दाराशी जाऊन आम्ही उभे राहायचो आणि टकटक करू का नको असा विचार करून परत फिरायचो.

मारोतीला शेवटची खोली मिळाली, बारा नंबर. मी अकरात. आणि मी बोळाचा मॉनिटर झालो. वॉर्डनसाहेबांनी मला एक शिट्टी दिली आणि एक छापील कागद दिला, त्यात चौथा नियम असा की अभ्यासाच्या वेळी सर्व दारं बंद असावीत. ती शिट्टी गळ्यात घालून मी बोळातून चालायचो, आणि आज कबूल करायला हरकत नाही, मला ते आवडायचं. मारोतीनं आठ दिवसांतच बांधकामाच्या उरल्या ढिगातून अर्धी वीट आणली आणि दाराला लावली. साहेबांनी पाहिली, रागावले. वीट बाहेर फेकली, मारोतीनं पुन्हा आणली. असं सगळं वर्ष चाललं. परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा साहेबांनी मलाच बोलावलं. म्हणाले, ही इमारत बघायला पाहुणे येतात, आणि तुमच्या बोळात एक दार गोठ्यासारखं उघडं असतं. तुम्हाला जमत नसेल तर शिट्टी दुसऱ्याला देतो. मी सरळ बारा नंबरला गेलो. मारोती खाटेवर बसून तोच आपला ठेका देत वाचत होता.

"मारोती, वीट घेऊन जातो गा. साहेबाचा हुकूम हाये."

"दार लागलं का मले बाहेरचं काहीच ऐकू येत नाही रे वामन."

"मंग काय ऐकायचं हाये तुले? परीक्षा हाये. अभ्यास कर ना."

"मले नाही ऐकायचं," तो म्हणाला. "तुमाले ऐकू आलं पायजे ना मायं."

मला त्याचा अर्थ लागला नाही असं म्हणण्याची आज सोय नाही. मी उमरेडला गेलेलो होतो. तो साबण लावलेला माणूस मी डोळ्यांनी पाहिला होता. पण मी वीट उचलली, माझ्या कपाटात नेऊन ठेवली, आणि माझ्यामागे त्याचं दार लागलं.

त्यानंतर दोन दिवस भिंतीपलीकडून ठेका येत राहिला, बारीक, पण येत राहिला. परीक्षेच्या आधी माझं डोकं तसंही ठिकाणावर नव्हतं; मी दोनदा भिंतीवर मूठ आपटून त्याला गप केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आवाज आला नाही. मला वाटलं, आला बुवा माणूस शहाणपणावर! इतकं बरं वाटलं मला. त्या शांततेत माझा तर्कशास्त्राचा अर्धा पेपर तयार झाला. दुसरा दिवसही तसाच गेला, तिसराही. जेवणघरात तो दिसला नाही हे मला कळलं नाही, कारण तिथं मला फक्त पुढच्याची मान दिसायची. चौथ्या दिवशी सकाळी झाडायला येणाऱ्या सगुणाबाईच्या लक्षात आलं की बारा नंबरच्या बाहेरची सुरई तीन दिवस रिकामीच पडून आहे, भरून आत कोणी घेतलेलीच नाही. तिनं कसलाही नियम न विचारता दार ढकललं. मग तिची बोंब सगळ्या बोळात ऐकू आली. "अरे, कोनी माणसं राहतात का नाही इथं? पोरगं मरून राहिलं ना!"

मी पुस्तक हातात घेऊनच धावलो. खोलीत वास सुटला होता. तो खाटेवर पडलेला, ओठ काळे, डोळे आत गेलेले. मुदतीचा ताप. अंगाला हात लावला तर चटका बसावा असा. त्यानं मला ओळखलं. मला वाटलं, शिव्या देईल. त्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. तो नुसता नवल वाटल्यासारखा माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "मी तं कवाचा आवाज बंद केला गा... अन् तू आला नाही?"

मी पंधरा पावलांवर होतो. पंधराही नाही, मधे एक भिंत. त्याला ओरडता आलं असतं, दार उघडून बोळात पडता आलं असतं, पहिल्या दिवशी तेवढी ताकद त्याच्यात नक्की होती. पण त्याच्या गल्लीत कोणी ओरडत नाही. तिथं माणूस आवाज बंद करतो आणि शेजारी येतो. तो बिचारा तीन दिवस शेजारी यायची वाट पाहत पडला होता, आणि शेजारी मिळालेल्या शांततेत पेपर तयार करत होता.

मेयो हॉस्पिटलच्या मोठ्या वॉर्डात तो दीड महिना राहिला. वाचला. परीक्षा गेली, परीक्षेबरोबर फी माफीची सवलत गेली. आत्मारामजींच्या एका मागावर आणखी एक वर्ष निघण्यासारखं नव्हतं. त्याला इंजिनिअर व्हायचं होतं. सामान न्यायला आला तेव्हा हाडांचा सापळा झाला होता. ट्रंक भरून झाल्यावर माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "मायी वीट दे." मला वाटलं थट्टा करतो आहे. तो थट्टा करत नव्हता. मी कपाटातून वीट काढून दिली; त्यानं ती धोतरात गुंडाळली, ट्रंकेत ठेवली आणि उमरेडला घेऊन गेला.

पुढं तो चित्रकाम शिकला आणि इमारत खात्यात ट्रेसर लागला. मी एम. ए. होऊन त्याच कॉलेजात लागलो. आमची दोस्ती तुटली नव्हती, हे लोकांना खरं वाटत नाही. दर शनिवारी दुपारी ऑफिस सुटलं की तो सीताबर्डीवरून चालत माझ्या खोलीवर यायचा, चहा प्यायचा, साहेबांच्या नकला करायचा. नकला फार छान करायचा तो... एक साहेब होते, ते नकाशावर बोट ठेवायच्या आधी बोटाला रुमालानं पुसायचे. मारोतीनं ते नुसतं रुमाल काढायचं केलं तरी मी हसून बेजार. माझ्या खोलीत आला की दार मात्र पायानं अडवून बसायचा. मी ते न दिसल्यासारखं करायचो.

नागपूरची राजधानी मुंबईला गेल्यावर पुढच्या वर्षी हॉस्टेलचा दुसरा भाग बांधायचं ठरलं आणि नकाशा त्याच्या टेबलावर आला. त्या शनिवारी तो येताना कागदाची गुंडाळी घेऊन आला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं नुसतं उतरवून काढलेलं नव्हतं, स्वतःचं आखलं होतं. माझ्या टेबलावरची पुस्तकं खाली ठेवून त्यानं कागद पसरला, चार कोपऱ्यांवर कपबशा ठेवल्या. खोल्या तितक्याच, खर्चही जवळजवळ तितकाच. पण बोळाची एक बाजू मोकळी करून तिथं व्हरांडा. दारं त्या व्हरांड्यात उघडणारी, दोन झापांची, खालचं लावलं तरी वरचं उघडं राहावं अशी. जेवणघरात बाकं समोरासमोर. आणि टोकाला, बारा नंबरच्या जागी खोली नाहीच, एक ओटा.

"आमच्या खात्याचे साहेब म्हणते, कॉलेजच्या कमिटीनं मागितलं तर आपली ना नाही. तू तं आहे ना कमिटीत? तू फक्त म्हण, पायजे म्हणून. बाकी मी काही मागत नाही."

मी हो म्हणालो. त्याच्या खांद्यावर हात ठेवून हो म्हणालो.

सभा कॉलेजच्या वाचनालयात होती. दोन्ही नकाशे टेबलावर मांडलेले. अध्यक्षांनी मारोतीच्या कागदावरून हात फिरवला आणि म्हणाले, व्हरांडा म्हणजे पोरांच्या चकाट्या, ओटा म्हणजे विड्या. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही तर याच इमारतीत राहून शिकलात. तुम्हाला काही कमी पडलं का?" त्याच सभेत पुढचा विषय नव्या वॉर्डनच्या नेमणुकीचा होता, आणि माझं नाव कागदावर आलेलं मी उलट्या बाजूनं वाचलं होतं. वॉर्डनला तीन खोल्यांचं क्वार्टर मिळतं. माझं लग्न ठरलेलं. हे सगळं कारण म्हणून सांगत नाही. घडलं तसं सांगतो. मी म्हणालो, "नाही सर, काही कमी पडलं नाही."

शनिवारी मारोतीला मी सांगितलं की मी खूप भांडलो, पण म्हाताऱ्यांनी ऐकलं नाही. त्यानं चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि म्हणाला, "बरं, नाही तं नाही." मी सुटलो असं मला वाटलं. मूर्ख माणूस मी! मंजूर नकाशासोबत सभेचा वृत्तांत नत्थी होऊन त्याच्याच खात्यात जातो, त्याच्याच टेबलावर जातो, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. त्यात स्पष्ट लिहिलेलं असणार: माजी विद्यार्थी या नात्याने सभासदांनी सांगितले की सध्याच्या रचनेत काही उणे नाही. ते वाचून त्यानंच ती मंजूर इमारत स्वच्छ कागदावर रेघ न रेघ उतरवून काढली. ते त्याचं काम होतं.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी म्हटलं, काम असेल. मग म्हटलं, रागावला असेल, निवळेल. मग मी वॉर्डन झालो, लग्न झालं, क्वार्टरला रंग लावला, चौथ्या नियमाचा कागद जुना झाला होता तो नव्यानं टाइप करून खाली माझी सही केली. त्याचं ऑफिस माझ्या कॉलेजपासून चालत वीस मिनिटं. दोन वर्षं मी ती वीस मिनिटं चाललो नाही. खरं सांगायचं तर त्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती, आणि लाजेला मी 'वेळ मिळत नाही' असं नाव दिलं होतं.

कार्ड मिळालं त्याच दिवशी मी उमरेडची गाडी पकडली. गल्लीत शिरलो तर तोच खटखटाट, पूर्वीपेक्षा कमी. काही घरांतले माग गेले होते, माणसं गिरणीत लागली होती. आत्मारामजींचा माग चालू होता. मी दारात उभा राहिलो, त्यांनी वर पाहिलं आणि धोटा बाजूला ठेवला. मी आत जाऊन चटईवर बसलो. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील, शेजारची तीच बाई दारात आली, केस पिकलेले. "काय झालं वं? माग काहून थांबला?"

मारोतीची माय म्हणाली, "काही नाही वं. मारोतीचा दोस्त आला, नागपूरचा."

ती बाई माझ्याकडे पाहत राहिली. "आता आला?" एवढंच म्हणाली आणि गेली.

मायनं पाणी दिलं. सांगत राहिली. कावीळ झाली तेव्हा रजा घेऊन इकडेच आला, याच खोलीत त्याची खाट होती, मागाच्या बाजूला. अकरा दिवस होता. गल्लीतली माणसं पाळीपाळीनं उशाशी बसायची. गेला तेव्हा आत्मारामजींनी माग थांबवला आणि खोलीत उभं राहायला जागा उरली नाही, इतकी माणसं आली... मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "तुमची लय वाट पाहिली त्यानं, भाऊ. दोन वर्षं. मी म्हणो, एक कार्ड टाक ना गा. तं म्हणे, नाही माय, मी जाणं बंद केलं ना, तेवढं पुरे हाये. वामनले समजते. येईन तो."

मला तिथं रडू आलं नाही. रडायचा हक्क लागतो. मी खाली पाहत बसलो, आणि खाली पाहताना ती दिसली. उघड्या दाराला लावलेली अर्धी वीट, एका कोपऱ्यात झिजून गोल झालेली. मी आत्मारामजींना विचारलं, ही मी घेऊन जाऊ का. त्यांनी मान हलवली. "नाही जी. राहू द्या. तिच्यानं दार उघडं राहते." मी निघालो तेव्हा त्यांनी पुन्हा खड्ड्यात पाय सोडले, आणि गल्लीच्या टोकापर्यंत मला त्यांचा माग ऐकू येत होता.

परत आल्यावर मी हॉस्टेलच्या मागच्या ढिगातून एक अर्धी वीट शोधली आणि दुपारी, सगळे वर्गात असताना, चोरासारखी बारा नंबरच्या दाराला लावून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या ऑफिसच्या टेबलावर होती, खाली वर्तमानपत्राचा कागद घातलेला. समोर बोळाचा मॉनिटर उभा, गळ्यात शिट्टी. "सर, कोणीतरी बाराले वीट लावली होती. मी काढली. चौथा नियम." आणि माझ्या तोंडून, सवयीनं, शप्पथ सांगतो सवयीनं, "शाब्बास" निघून गेलं. मग मी त्याला विचारलं, "बारा नंबरमधे कोण राहतं रे?" तो गोंधळला. "नाव माहीत नाही सर. दार बंद असते."

मलाही माहीत नव्हतं. वॉर्डन मी, हजेरीचं पुस्तक माझ्याकडे. मी वीट उचलली आणि बोळातून गेलो. टकटक केलं. आतून काही आवाज नाही. या वेळी मी परत फिरलो नाही, दार ढकललं. एक सडपातळ मुलगा भिंतीकडे तोंड करून बसलेला. तो ताडकन उठला, मला पाहून त्याचा चेहरा उतरला, आणि त्यानं हात जोडले. "माझं काय चुकलं सर?"

हे ज्या पेपराच्या पुरवणीत छापून येतं आहे ती कमिटीतले सगळे सभासद वाचतात, मला ठाऊक आहे; म्हणून आता त्यांनाच सांगतो. तुम्ही मला विचारलं होतं, काही कमी पडलं का. मी खोटं बोललो. कमी पडलं. माणूस मरायला टेकला तरी शेजारच्याला कळू नये अशी ही इमारत आहे, आणि तसलीच दुसरी माझ्या 'नाही'मुळे तिच्या शेजारी उभी आहे. क्वार्टर रिकामं करायचं असेल तर कळवा.

त्या मुलाला मी म्हटलं, तुझं काही चुकलेलं नाही. वीट दाराला लावली आणि त्याच्या खाटेच्या कडेवर बसलो. बऱ्याच वेळानं त्यानं भीत भीत पुस्तक उघडलं आणि मनातल्या मनात वाचू लागला. मी म्हटलं, "मोठ्यानं वाच गा. मले ऐकू आलं पायजे."